अंगावर काढलेले दुखणे

वेदनेच्या शास्त्रात आपल्या हैदराबादचे नाव एकदा साऱ्या जगात गाजून गेले आहे, ही गोष्ट सुलतान बाजारात रोज भाजी घेणाऱ्यांनाही फारशी ठाऊक नसते. १८८८ आणि १८८९ या लागोपाठच्या वर्षांत येथे दोन ‘क्लोरोफॉर्म कमिशने’ बसली. रेसिडेन्सीचे सर्जन आणि येथील वैद्यकीय शाळेचे प्रमुख डॉ. एडवर्ड लॉरी यांचा त्यासाठी आग्रह होता आणि सहावे निजाम मीर महबूब अली खान यांनी खर्चाचा भार उचलला होता. दुसऱ्या कमिशनसाठी लंडनच्या ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने डॉ. लॉडर ब्रंटन यांना मुद्दाम पाठविले. भूल दिलेला रोगी दगावतो तो आधी श्वास थांबून की आधी हृदय थांबून, असा वाद होता. शेकडो मुक्या जनावरांवर प्रयोग झाले. श्वासावर लक्ष ठेवा, हृदयाची चिंता नको, असा निर्वाळा हैदराबादने दिला. १९११ साली लेव्ही यांच्या प्रयोगांनी तो निर्वाळा टिकू दिला नाही, हा भाग वेगळा. पण त्याच वैद्यकीय शाळेत शिकलेल्या रूपाबाई फर्दूनजी या पारशी बाईंनी येथे वर्षानुवर्षे रोग्यांना भूल दिली, आणि जगातील पहिल्या स्त्री-भूलतज्ज्ञ म्हणून आज त्यांचे नाव घेतले जाते. शहराने अभिमान बाळगावा अशीच ही गोष्ट आहे.

त्या कमिशनने श्वास मोजला, नाडी मोजली. ज्याला दुखते त्याला स्वतःच्या दुखण्याविषयी काय वाटते, हे मात्र मोजण्याचा प्रश्नच नव्हता. भूल दिलेल्या माणसाला काय विचारणार? तो प्रश्न शास्त्राला सुचण्यास पुढे बरीच वर्षे जावी लागली. आता तो कागदावर छापून आपल्या शहरातील दवाखान्यांतही येऊ लागला आहे. त्या कागदाशी माझा संबंध कसा आला आणि मराठी बायकांच्या हाती तो पडल्यावर काय झाले, ते आज सांगावयाचे आहे.

संगीतशिक्षकाने बायकांच्या आजारावर लेख लिहावा, हे काही वाचकांस चमत्कारिक वाटेल. माझे वडील निजामी अमदानीच्या शेवटच्या वर्षांत, मिसरूड फुटण्याच्या आतच, दरबारी गायनाच्या मागे तंबोऱ्यावर बसत, पुढे स्वतःही गात. मी त्यांचे उतारवयातले शेंडेफळ. आमच्या घरात बाईमाणसाने महिन्याचे ते चार दिवस तंबोऱ्याला हात लावावयाचा नाही, असा दंडक होता. तंबोरा खुंटीला गवसणीत असे, आणि घरातली कोणती बाई कोणत्या दिवशी ‘बाजूला’ आहे हे त्यामुळे साऱ्या घराला कळे. तिचे पोट दुखते की नाही, हे मात्र कोणास कळत नसे. माझा वर्ग सुरू होऊन आता वीस वर्षे होत आली. शिकणाऱ्यांत निम्म्याहून जास्त मुली आहेत. हजेरीपट समोर ठेवला की काही नावांपुढे दर महिन्याला त्याच सुमारास दोन-तीन फुल्या दिसतात. कारण विचारावे तर उत्तर एकच: “डोके दुखत होते, गुरुजी.”

माझी एक शिष्या आज सत्तावीस वर्षांची आहे. चौदाव्या वर्षापासून तिच्या नावापुढे अशा फुल्या आहेत. तिच्या आईचे मत, बाईच्या जातीला एवढे असायचेच; मावशीचे मत, लग्न झाले की थांबेल. सोनोग्राफी झाली ती ‘नॉर्मल’ निघाली, म्हणजे मुलगी नाटक करते असा अर्थ घरात निघाला. शेवटी पंचविसाव्या वर्षी, दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत, आजाराला नाव मिळाले: एंडोमेट्रिऑसिस. आमच्या वर्गात हे नाव कोणाच्या जिभेवर बसेना, म्हणून मुलींनी त्याचे नुसते ‘एंडो’ केले; मीही पुढे तोच शब्द वापरतो.

आजार असा: गर्भाशयाच्या आत जे अस्तर असते, त्यासारखीच पेशींची वाढ गर्भाशयाच्या बाहेर होते. ती अंडाशयावर, आतड्यावर, मूत्राशयाजवळ, ओटीपोटाच्या पडद्यावर रुजते. पाळीच्या चक्राबरोबर तीही सुजते, तिच्यातून रक्त झरते, आणि ते बाहेर पडण्यास वाट नसल्याने आतल्या आत दाह होतो, अवयव एकमेकांस चिकटतात. अंडाशयात जुने रक्त साचून गाठ झाली की तिला डॉक्टर मंडळी ‘चॉकलेट सिस्ट’ म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे बाळंतपणाच्या वयातील दर दहा स्त्रियांमागे एकीला, म्हणजे जगात सुमारे १९ कोटी स्त्रियांना हा आजार आहे, आणि निदान होईपर्यंत बहुधा ४ ते १२ वर्षे निघून जातात. सुरुवातीच्या बारीक ठिपक्यांसारख्या गाठी साध्या सोनोग्राफीत दिसतीलच असे नाही. मुंबईत परळला असलेल्या राष्ट्रीय प्रजनन व बालआरोग्य संशोधन संस्थेने निरनिराळ्या प्रांतांतील रुग्णालयांना बरोबर घेऊन भारतीय स्त्रियांतील या आजाराचा शोध हाती घेतला आहे, ही समाधानाची गोष्ट.

या आजारात सर्वांत चकविणारी बाब ही, की आतील वाढ किती पसरली आहे यावरून दुखणे किती असेल हे सांगता येत नाही. एखादीच्या पोटात अवयव एकमेकांस चिकटलेले, आणि तिची तक्रार थोडीच. दुसरीच्या पोटात चार ठिपके, आणि ती जमिनीवर लोळण घेते. वर्षानुवर्षे वेदनेचे संदेश पोहोचविणाऱ्या मज्जासंस्थेची संवेदनाच वाढून बसते, असे शास्त्रज्ञ सांगतात. सारंगीला मुख्य तारांच्या खाली तरफेच्या तारा असतात. गज वरच्या तारेवर फिरतो, पण नीट मिळविलेल्या तरफा न छेडताच झंकारतात. माझ्या शिष्येने मला हे असेच समजावून सांगितले आणि मला ते पटले. गाठ काढली तरी तरफा काही काळ वाजत राहतात. म्हणून केवळ गाठ मोजून भागत नाही, बाईला विचारावे लागते.

विचारावयाचे काय? “किती दुखते?” एवढेच विचारण्याची रीत जुनी आहे. दहा सेंटिमीटरची रेघ काढतात, एका टोकाला ‘अजिबात नाही’, दुसऱ्या टोकाला ‘असह्य’. १९७५ साली कॅनडातील रोनाल्ड मेलझॅक यांनी वेदनेचे ७८ शब्द २० गटांत लावून प्रश्नावली केली. माझ्या दृष्टीने हे गवयाचे काम झाले, कारण प्रत्येक दुखण्याचा स्वर वेगळा असतो आणि त्याला नाव वेगळे लागते. पण १९८० नंतर मानसशास्त्रज्ञांनी याच्या पुढचे पाऊल टाकले. दुखण्याविषयी माणसाची समजूत काय आहे, ते त्यांनी मोजण्यास घेतले. जेन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये एक मापनपट्टी केली; तीत पुढे सात प्रकारच्या समजुती आल्या. दुखण्यावर माझा ताबा आहे का, दुखते म्हणजे शरीराला इजा होते का, मनाच्या अवस्थेचा त्याशी संबंध आहे का, घरच्यांनी माझी काळजी घ्यावी का, डॉक्टर हे पूर्ण बरे करतील का, अशा त्या आहेत. १९८९ मध्ये विल्यम्स आणि थॉर्न यांनी सोळा विधानांची दुसरी पट्टी केली. तिच्यात दुखणे हे न उलगडणारे कोडे वाटते का, ते आपल्याच दोषाने आले असे वाटते का, ते कायमचे वाटते का, हे विचारलेले असते. कंबरदुखी, डोकेदुखी, सांधेदुखी अशा सर्वांना या पट्ट्या लावल्या गेल्या. एंडो असलेल्या स्त्रियांकडे संशोधकांचे लक्ष त्या मानाने उशिरा गेले.

समजूत मोजून काय मिळते, असे कोणी विचारील. माझ्या शिष्येचेच उदाहरण देतो. निदान झाल्यावर तिने लांब पल्ल्याच्या ताना आणि खर्जाचा रियाज बंद केला. गाताना ओटीपोटावर जोर येतो, तेथे ओढ बसते, म्हणजे आजार वाढत असणार, अशी तिची पक्की समजूत झाली होती. ती कोणास बोलली नव्हती. कागदावर ‘दुखते म्हणजे इजा होते’ या अर्थाचे विधान आले, तिने पूर्ण होकार दिला, आणि तेथील समुपदेशिकेने विचारले, “कशावरून?” तेव्हा गाण्याची गोष्ट बाहेर आली. डॉक्टरांनी सांगितले की गाण्याने तिचा आजार वाढणार नाही. फिजिओथेरपिस्ट बाईंनी श्वासाबरोबर ओटीपोटाचे स्नायू सैल सोडण्यास शिकविले. दुखणे गेले का? नाही, निम्म्यावर आले आहे असे ती म्हणते. पण दीड वर्षाने तिने माझ्यासमोर बसून पूरिया धनाश्रीचा विलंबित ख्याल सबंध गायिला. ती समजूत कागदाने बाहेर काढली नसती, तर हे गाणे गेलेच होते.

आता कागदाच्या मराठीविषयी. नांदेड, परभणी, लातूर, उदगीर, बीदरकडील मंडळी मोठ्या दुखण्याला आजही हैदराबाद गाठतात. राज्ये १९५६ साली वेगळी झाली, पण आजाऱ्याची वाट बदलली नाही. शहरातील ज्या रुग्णालयात माझी शिष्या उपचार घेते, तेथे अशा बायका येतात आणि कागद असतो इंग्रजीत व तेलुगूत. समुपदेशिकेने तिला विचारले, गुरुवारी येऊन मराठी बायकांना वाचून दाखवशील का? ती कागद घेऊन माझ्याकडे आली. चार-पाच संध्याकाळी आम्ही वर्गाच्या ओसरीवर बसून शब्द जुळविले. माझी पत्नी आणि शेजारच्या आजी मधूनमधून निकाल देत. हे रीतसर भाषांतर नव्हे, हे येथेच सांगून ठेवतो. शास्त्राप्रमाणे दोघांनी स्वतंत्रपणे भाषांतर करावे लागते, तिसऱ्याने ते मूळ भाषेत उलटे न्यावे लागते, मग रुग्णांवर पडताळावे लागते, आणि मूळ कर्त्यांची परवानगीही लागते. आमचे काम फक्त वाचून दाखविण्यापुरते, तोंडी.

पहिलाच अडथळा ‘ताबा’ या शब्दाचा आला. दुखण्यावर ताबा असणे म्हणजे ते कमी करण्याचे उपाय आपल्या हाती असणे, असा मूळ आशय. उदगीरच्या एका बाईंनी यावर ठासून होकार दिला. समुपदेशिका खूश झाली. माझ्या शिष्येने सहज विचारले, “मावशी, ताबा म्हणजे काय करता?” त्या म्हणाल्या, “आवाज काढत नाही. सासरा ओसरीवर बसलेला असतो. तोंडात पदर धरते.” म्हणजे आकड्यांच्या हिशेबात ज्या बाई सर्वांत सबळ ठरल्या असत्या, त्या सर्वांत असहाय निघाल्या! आम्ही तो शब्द काढला आणि ‘दुखणे कमी करण्यासाठी मला काही करता येते’ असे साधे वाक्य घातले. त्या बाईंनी त्यावर नकार दिला.

आणखी एक शब्द अडला. मायकेल सुलिव्हन आणि सहकाऱ्यांची १९९५ सालची तेरा विधानांची एक पट्टी एंडोच्या अभ्यासांत फार वापरली जाते. दुखण्याचा विचार डोक्यातून जात नाही, फार वाईट होईल असे वाटते, काहीच हाती नाही असे वाटते, असे त्यात मोजतात. ५२ पर्यंत गुण होतात. ज्या स्त्रियांचे गुण जास्त, त्यांचे दुखणेही जास्त आणि जगणे अवघड, असे अनेक अभ्यासांत आढळले आहे. पण आधी काय? विचाराने दुखणे वाढले, की दहा वर्षे कोणी विश्वास न ठेवल्यामुळे तसा विचार रुजला? एकाच वेळी भरून घेतलेला कागद हे सांगू शकत नाही. या पट्टीच्या इंग्रजी नावाचा नेमका मराठी प्रतिशब्द माझ्या पत्नीने क्षणात सांगितला: ‘बाऊ करणे’. आणि लगेच म्हणाली, “हा शब्द कागदावर घालू नका. तो त्यांना घरी रोज ऐकायला मिळतो.” परदेशातही या नावावर रुग्णांनी आणि संशोधकांनी आक्षेप घेतले आहेत, ते मला योग्यच वाटतात.

‘भोग’ या शब्दानेही असेच केले. दुखणे आपल्या दोषाने आले का, असे विचारले की बायका चटकन ‘नाही’ म्हणतात. “मग कशाने?” असे विचारले की “भोग आहेत”. भोग म्हणजे दोष नव्हे, रोगही नव्हे. तो कोणत्या रकान्यात घालावयाचा? विल्यम्स आणि थॉर्न यांच्या पट्टीत त्याला जागा नाही. घरच्यांनी आपली जास्त काळजी घ्यावी असे वाटते का, या विधानावर तर बहुतेक जणी हसतात आणि पुढचे वाचा म्हणतात.

शून्य ते चार असे गुण देणेही सर्वांना जमत नाही. लातूरकडच्या एका शेतकरी बाईंनी यावर आपलीच पद्धत काढली. “पिकाची आणेवारी लावतात तशी लावू का?” म्हणाल्या. दुखणे चौदा आणे, डॉक्टरवर भरवसा आठ आणे, नवऱ्याला हे कळते यावर दोन आणे. या बाईंचे सोळा आण्यांचे माप दहा सेंटिमीटरच्या रेघेहून अधिक काटेकोर होते, असे माझे मत आहे.

शिवाय एक गोष्ट माझ्या शिष्येनेच हेरली. या पट्ट्यांत दुखणे सतत आहे का, ते कायमचे आहे का, असे प्रश्न असतात. कंबरदुखीला ते ठीक. पण एंडोचे दुखणे पुष्कळ जणींना चक्राने येते. तालात सम यावी तसे ते येणार हे अंगाला आधीच कळते, आणि समेच्या आधीच्या दोन मात्रा सर्वांत वाईट जातात. पाळीच्या दुसऱ्या दिवशी भरलेला कागद आणि पंधराव्या दिवशी भरलेला कागद दोन वेगळ्या बायकांचे वाटतात. म्हणून ती आता कागदाच्या डोक्यावर पाळीचा कितवा दिवस ते लिहून घेते. ऑक्सफर्डच्या मंडळींनी २००१ साली खास या आजारासाठी तीस प्रश्नांची पट्टी केली, ती स्त्रियांच्याच मुलाखतींवरून. मागच्या चार आठवड्यांचा हिशेब ती विचारते, म्हणजे सबंध एक आवर्तन तीत येते. मात्र ती आयुष्यावर झालेला परिणाम मोजते. समजुती मोजणे हा तिचा हेतू नाही.

मराठी शब्दांची श्रीमंती या निमित्ताने नव्याने कळली. कळ, ठणका, चमक, सणक, मुरडा, पेटका, ठुसठुस, भगभग, पिळा पडणे, कंबर मोडून येणे, ओटीपोटात दगड बांधल्यासारखे होणे. काही देशांतील संशोधकांनी मेलझॅक यांच्या शब्दांचे भाषांतर न करता आपल्या भाषेतील शब्द रुग्णांकडून नव्याने गोळा केले. मराठीत ते कोणी मनावर घेईल तर मोठे काम होईल.

पण ज्या शब्दासाठी मी हा लेख लिहावयास घेतला, तो वरच्या यादीत नाही. ‘अंगावर काढणे’. प्रत्येक बाईने तो उच्चारला. “सहा वर्षे अंगावर काढले.” “लग्नाआधीपासून अंगावर काढते आहे.” याचा अर्थ सहन करणे एवढाच नाही. दुखणे आहे हे मान्य, त्याला उपाय असू शकेल हेही मान्य, पण आपल्यासाठी तो उपाय करण्याजोगा नाही, आपले अंग हीच त्याची जागा, असा तो पूर्ण निर्णय आहे. सातही समजुतींच्या पट्टीत ही समजूत कोठे बसत नाही. ताबा नव्हे, निराशा नव्हे, दोष नव्हे, कोडेही नव्हे. आणि डॉक्टरांकडे पोहोचण्यास जी वर्षे लागतात, ती बहुतांशी हिच्यातच जातात. निदान उशिरा होते याचा ठपका डॉक्टरांवर ठेवतात, तो काही अंशी खरा आहे. पण दाराशी येईपर्यंतची वर्षे कोणत्या पट्टीने मोजणार?

हे ज्यांनी मराठी मुलखात सर्वांत आधी मोजले, त्यांचे नाव येथे घेतले पाहिजे. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन खेड्यांत ६५० स्त्रियांची तपासणी केली आणि जानेवारी १९८९ मध्ये त्याच ‘लॅन्सेट’मध्ये, आपल्या क्लोरोफॉर्म कमिशनचे निष्कर्ष जेथे छापले गेले होते तेथेच, जवळजवळ शंभर वर्षांनी ते प्रसिद्ध केले. शंभरातील ९२ स्त्रियांना काही ना काही स्त्रीरोग होता, एकेकीला सरासरी ३.६ रोग होते. तक्रार मात्र शंभरातील ५५ जणींनीच सांगितली, आणि त्यापूर्वी कधी तपासणी झालेल्या शंभरात अवघ्या ८ होत्या. ९२ आणि ८ या दोन आकड्यांमध्ये जे अंतर आहे, त्यालाच आपल्या बायका ‘अंगावर काढणे’ म्हणतात. राणीबाईंचे वेगळेपण असे, की त्यांनी आधी बायकांचे ऐकले. शरीराविषयीच्या त्यांच्या कल्पना आणि त्यांचे शब्द त्यांच्याच तोंडून टिपून घेतले. त्यांच्या ‘कानोसा’ या पुस्तकाचे नावच पुरेसे बोलके आहे. एंडोसाठी असे काम व्हावयाचे आहे.

अंगावर काढण्याची हद्द संपली की मग काय होते, हे बीडने दाखविले. बीड जिल्हाही एके काळी हैदराबाद संस्थानातलाच. तेथील ऊसतोड कामगार बायकांची गर्भाशये मोठ्या संख्येने काढली जात असल्याचा बोभाटा २०१९ साली झाला. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीपुढे जी पाहणी आली, तीत ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले, म्हणजे दर सहांत एक. त्या सर्वांना एंडो होता असे मुळीच नाही. परंतु ज्या समजुतीवर हे उभे राहिले ती आम्हांला ओसरीवरही भेटली: मुले झाली, पिशवीचे काम संपले, आता पिशवी काढली की दुखणे संपले. उचल घेतलेली असते, एक दिवस खाडा झाला की पैसे कापले जातात, अशा ठिकाणी ही समजूत नुसती अडाणीपणाची म्हणता येत नाही. आपले तेलंगणही यात मागे नाही: २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांत गर्भाशय काढलेल्यांचे प्रमाण देशात शंभरी सुमारे ३ होते, तेलंगणात सुमारे ८ आणि आंध्रात सुमारे ९.

परभणीकडच्या एक बाई मागच्या पावसाळ्यात आल्या. वय बत्तीस, दोन मुले. गावाकडे पिशवी काढण्याची तारीखही मिळाली होती; भावाने हट्ट धरला म्हणून एकदा हैदराबादला दाखवून जाऊ असे ठरले. कागदावर ‘शस्त्रक्रियेने माझे दुखणे कायमचे जाईल’ या अर्थाच्या विधानाला त्यांनी चारापैकी चार गुण दिले.

“असे कोण म्हणाले, ताई?” माझ्या शिष्येने विचारले.

“कोण म्हणायला कशाला पाहिजे? जावेची काढली, शेजारणीची काढली. काम झाल्यावर ठेवून करायचे काय?”

“जावेचे दुखणे गेले का?”

बाई थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, “कंबर धरूनच असते ती. पण ते वेगळे असेल.”

डॉक्टरीण बाईंनी त्यांना चित्र काढून दाखविले. वाढ पिशवीच्या बाहेर आहे; पिशवी काढली आणि ती वाढ तशीच राहिली, तर दुखणे राहू शकते. पिशवीबरोबर अंडाशयेही काढली, तर बत्तिसाव्या वर्षी पाळी जाण्याचे सारे त्रास, हाडे ठिसूळ होणे, हे मागे लागते. आधी गोळ्या, किंवा गर्भाशयात बसविण्याचे औषधी साधन, लागल्यास दुर्बिणीतून नेमकी वाढ काढणे, बरोबर व्यायाम आणि समुपदेशन, असे मार्ग आहेत. काही जणींना शेवटी गर्भाशय काढावेही लागते, हेही त्यांनी लपविले नाही. बाईंनी सगळे ऐकून घेतले. तारखेचे काय, यावर त्या काही बोलल्या नाहीत. तीन महिन्यांच्या गोळ्या मात्र त्यांनी घेतल्या.

निघताना त्यांनी एक कोरा कागद मागितला. कशाला म्हणून विचारले तेव्हा म्हणाल्या, घरी तेरा वर्षांची मुलगी आहे, आठवीत. पाळीत दोन दिवस तिची शाळा बुडते आणि उलट्या होतात. “मी तिला सांगते, सगळ्यांनाच होते, काढायचे अंगावर. माझ्या आईने मला तेच सांगितले होते.” हा कागद मोठ्यांसाठी आहे, लहान मुलींसाठी नाही, असे माझ्या शिष्येने त्यांना समजावले, आणि त्याच्या पाठीमागे तालुक्याच्या स्त्रीरोगतज्ज्ञाला विचारावयाचे तीन प्रश्न मोठ्या अक्षरात लिहून दिले: शाळा बुडण्याइतके दुखणे या वयात नेहमीचे समजावे का, सोनोग्राफीत काही दिसले नाही तरी पुढे काय करावयाचे, आणि मोठ्या डॉक्टरकडे केव्हा न्यावयाचे. बाईंना वाचता येत होते. त्यांनी तिन्ही प्रश्न तेथेच एकदा मोठ्याने वाचून पाहिले, दुसऱ्या प्रश्नातला एक शब्द बदलून मागितला, आणि मग कागद घेतला.